खिडक्यांसाठी मतदान

लाकूड आणि पीव्हीसी यांना सारखीच मते पडली होती, आणि ‘आपलं घर’ या ग्रुपवरचे सगळे कुटुंब आता एकट्या स्वानंदीसाठी खोळंबले होते.

घर फिनलंडमध्ये होते. जुन्या खिडक्या कुजल्या होत्या. हिवाळ्याआधी बदलायला हव्या होत्या. देवदत्तने तिथली नोकरी स्वीकारली होती, घर घेतले होते, आणि दोन्ही गोष्टी सिंगापुरातल्या बायकोला, स्वानंदीला, आनंदाची बातमी म्हणून कळवल्या होत्या. मतदान त्याने खिडक्यांवर ठेवले. लोकशाहीला कुठून तरी सुरुवात करावीच लागते.

पुण्याहून अभयकाकांनी ॲल्युमिनियम सुचवले, कारण ते गंजत नाही. उल्कामावशींनी विचारले, ग्रिलचं काय? सिंगापुरात बुओना व्हिस्टा भागातल्या प्रयोगशाळेत खिडक्यांच्या काचांवर संशोधन करणारी, या विषयात बोलण्याचा अधिकार असलेली कुटुंबातली एकमेव व्यक्ती मात्र गप्प होती.

का, ते तिलाच उमगत नव्हते. काचा तिहेरी, चौकट लाकडाची, बाहेरून धातूचे आवरण. उत्तर तिला पहिल्याच दिवशी ठाऊक होते. तरी रोज ती फोन उघडे, बोट पर्यायापर्यंत नेई आणि मागे घेई. इतक्या सोप्या गोष्टीला हात का अडावा?

देवदत्तचा फोन आला.

“अगं, सुतार ताटकळलेत इकडे. एक क्लिक कर आणि सुटका कर आमची.”

“माझ्या प्रोजेक्टला मुदतवाढ मिळाली, देवदत्त.”

“अरे वा, अभिनंदन! पण तुला सोडतील ना वेळेवर? बरं, लाकूड की पीव्हीसी? तुझ्या मनासारखं व्हावं म्हणून तर थांबलोय मी.”

बोलण्यात खोट काढावी असे काहीच नव्हते. म्हणूनच ती अधिक गोंधळली. बाहेर ऊन रणरणत होते. तिला मात्र आतून गारठल्यासारखे झाले.

फोन ठेवला तोच ग्रुपवर सासूबाईंचा संदेश आला. मधुमतीबाई कधीकाळी शाळेत गणित शिकवत. सासऱ्यांच्या बदल्या होत गेल्या, तशी गावागणिक त्यांची एकेक शाळा सुटत गेली. आता त्यांना कोणी शिक्षिका म्हणत नसे. त्यांनी लिहिले होते:

“लाकडीच घ्या. खिडकी चांगली हवी. परक्या गावात बाईचा सगळा दिवस तिच्यापाशीच जातो.”

स्वानंदीने ते वाचले. पुन्हा वाचले. मग तिने ग्रुपवर एक नवे मतदान टाकले. प्रश्न: ‘स्वानंदीने सिंगापूर सोडावं का?’ पर्याय: ‘नाही’ आणि ‘मुळीच नाही’.

देवदत्त काहीतरी टाइप करू लागला, थांबला, पुन्हा करू लागला.

त्याचे लिहून होण्याआधीच पहिले मत पडले. ‘मुळीच नाही.’

मधुमतीबाईंचे.