तिसरा रकाना

"आईच्या डोळ्यांत थेंब कोण घालतं?" सल्लागाराने विचारलं.

"मी," मटार सोलता सोलता त्याची बायको म्हणाली.

त्याने लिहून घेतलं. कागदावर तीन रकाने होते: काम, कोण करतं, बंद केलं तर काय अडतं. बारा वर्षं तो परक्या कंपन्यांत जाऊन हेच करत आला होता. कामाला बसलेल्या माणसाशेजारी खुर्ची ओढायची, गोड बोलून त्याचं सगळं काम काढून घ्यायचं, कागदावर उतरवायचं आणि संगणकाच्या हवाली करायचं. तिसऱ्या रकान्यात 'काही नाही' आलं की ते काम जायचं. बहुतेक वेळा माणूसही.

उद्या सकाळी साहेबांना उत्तर द्यायचं होतं. परगावी आणखी दोन वर्षं, नाहीतर राजीनामा. फायदे ढीगभर होते. हे घर, आईचं ऑपरेशन, फुकटात पाहिलेली अकरा शहरं. तोटा एकच होता आणि तो धड सांगता येत नव्हता. मागच्या सुट्टीत तो आपल्याच दारासमोर गळ्यातलं ऑफिसचं कार्ड हातात धरून उभा राहिला होता, दार उघडायला ते कुठे लावायचं हे शोधत. हसू यायला हवं होतं. आलं नाही. आताशा काहीच येत नव्हतं.

म्हणून त्याने घराचाच कागद करायला घेतला. आपल्यावाचून एक जरी काम अडत असेल तर राजीनामा, असं त्याने ठरवून टाकलं.

मुलीची गणितं शेजारच्या काकू घेत. शाळेतली सभा बायको. गळका नळ बायको. स्कूटर पंक्चर झाली तर? "ढकलत नेते की," बायको म्हणाली. पान भरलं. त्याचं नाव कुठेच आलं नाही. वाईट वाटायला हवं, एवढं त्याला कळलं.

नऊ वर्षांची मुलगी मघापासून टेबलावर कोपरं टेकून बघत होती.

"बाबा, एक काम राहिलं. तुझी वाट बघणं."

बायकोचा हात थांबला. त्याला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी. चला, सापडलं एकदाचं. तरी सवयीने तोंडून निघालंच, "कोण करतं?"

"आम्ही तिघी करायचो. मी, आई, आजी. मागच्या वर्षीपासून बंद केलं." मुलीने तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे 'काही नाही' लिही."