कलाबाईंची चुप्पी

बोदलकसा तलावाच्या पाळीवर सगळे श्वास रोखून उभे होते आणि कलाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. खोकलासुद्धा येऊ द्यायचा नव्हता. आज गप्प राहिल्या, तर पुढच्या रविवारी पुन्हा इथं यायला मिळणार होतं. नाहीतर आहेच कुडव्याचं घर, जाळीचं दार आणि दारापुढच्या गाड्यांचा धुरळा.

मुलगा विवेक निघतानाच बजावून मोकळा झाला होता, "माय, आवाज नाही कराचा. पाखरं उडाली तं तुले मी पुन्हा नाही आनत."

विवेकचा थाट तर काय विचारता! नवी टोपी, गळ्यात नवी दुर्बीण. सोबत बायको रंजिता, सात वर्षांची रेणू, आणि पक्षी दाखवायला आलेला भोजराज. तो वहीत नावं टिपत होता. पाण्यावर बदकं होती, काठाला बगळे. कलाबाईंना दुर्बिणीशिवायच सगळं दिसत होतं. दोन तासांत त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. त्यांचा त्यांनाच अभिमान वाटायला लागला होता.

तेवढ्यात पोपटांचा थवा आला.

"वा! साठ-सत्तर तरी आहेत," भोजराज कुजबुजला.

थवा पाळीखालच्या शेतात, धानाच्या बांधीत उतरला. कापणीला आलेला, पिवळाधमक धान. पोपट लोंब तोडायचे, दोन दाणे खायचे, बाकीची खाली टाकायचे. कलाबाईंचा जीव तीळ तीळ तुटत होता. धान कोणाचा, कोण जाणे. मालक कुठं दिसेना. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. तरी लोंबी तुटताना ऐकू येतच होत्या.

"हाऽऽ हुर्रर्र!"

चाळीस वर्षं धान राखलेला आवाज तो. पोपट उडाले, बगळे उडाले, पाण्यावरची बदकंही उडाली. भोजराजचं पेन हवेतच राहिलं. रेणू तेवढी टाळ्या पिटत होती.

कलाबाईंनी मान खाली घातली. संपला रविवार. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

"माय!" विवेक दातओठ खात वळला. "तुले काय सांगतलं होतं? आपला धान होय का तो? कायले बोंबलाचं..."

चार पोपट परत आले आणि नेमके त्याच बांधीत उतरले. विवेकनं पाहिलं. टोपी हातात आली, आणि दुर्बीण पोटावर आपटत तो पाळ उतरून धावत सुटला, "हाऽऽ हुर्रर्र! हाऽऽ!"

रंजितानं कपाळावर हात मारला. कलाबाई पदर खोचून बघत होत्या. पोराचा आवाज अजून पोटातून निघत नव्हता.

भोजराजनं वही मिटली.

"आजी, पुन्हा या जी," तो म्हणाला आणि बांधीतल्या विवेककडे बोट दाखवलं. "ह्यायलेही आना. पन धान कापल्यावर."