कामापुरती

तीन दिवसांपासून जीवन नांदुऱ्याच्या घरून कंपनीच्या प्रोग्रामवर डोकेफोड करत होता. प्रोग्रामला मेमरी वाटून देणाऱ्या ॲलोकेटरच्या सगळ्या सेटिंग बदलून झाल्या, तरी सर्व्हरची मेमरी दुपारपर्यंत भरायचीच.

बाळाला घेऊन माहेरी आलेली बहीण समीक्षा चहा द्यायला आली, तर तो तिच्यापुढेच कातावला. "हा प्रोग्राम कामापुरती म्हणून मेमरी घेते, अन् काम संपलं तरी वापसच नाही करत. कितीबी सेटिंग बदला, सोडूनच नाही राह्यला."

समीक्षाने टेबलाच्या कोपऱ्यावर कप ठेवला. आठ दिवसांपासून ती बाळासकट स्वयंपाकघरात झोपत होती.



"लॉकडाऊनमधी तू बी माही ही खोली कामापुरतीच घेतली होती, दादा."