निमिया आत्यावरचा आळ

आईने बाबांना स्वतःची किडनी दिली, तेव्हापासून आमच्या असुन्सिओनच्या घरात बाबांची थंडगार तेरेरे चहा प्यायची नळी संसर्गाच्या भीतीने वेगळी झाली. बाकी सगळी गल्ली एकाच पेल्यातून, एकाच नळीने पिते. पण बाबांच्या नळीची राखणदार मी! पाहुण्यांपुढे तोंड न उघडणारी मी आता दारातच बजावते, "गालाला गाल लावायचा नाही, लांबूनच बोला!"

तरी रविवारी निमिया आत्याने गप्पांच्या नादात बाबांच्याच नळीने घोट घेतला. आणि मंगळवारच्या रक्ततपासणीत विषाणू सापडला. बाबा ठणठणीत होते, साधी कणकणसुद्धा नव्हती, पण आईने फोनवर आत्याला असं झाडलं की विचारू नका.

"आत्याचा काही दोष नाही," दवाखान्यात डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या. "हा विषाणू लहानपणापासून, एल्वाबाई, तुमच्याच शरीरात झोपलेला होता. किडनीबरोबर यांच्याकडे आला आणि जागा झाला. म्हणून तर आम्ही दर आठवड्याला रक्त बघतो. लवकर सापडलाय, गोळ्यांनी आटोक्यात येईल. किडनीही वाचेल."

परतताना बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून रडायला लागली. "मीच दिला रे तुला."

बाबांनी तिचा हात हातात घेतला. "अगं एल्वा, लग्नातही तू एकटी कुठे आली होतीस? तुझी आई आलीच की बरोबर. बारा वर्षं राहिली. आणि तिच्यावर तर गोळ्याही नव्हत्या!"