कानाच्या पाळीइतकं मऊ

बेकरीतलं पीठ मळायचं मशीन घुर्र करून पुन्हा बंद पडलं, तशी मालकीणबाईंनी इंजिनिअरला फैलावर घेतलं. "मोटर कमी ताकदीची दिलीत तुम्ही!"

त्याने मशीन उघडून पाहिलं, सगळं ठणठणीत होतं. मग आतला गोळा दाबून पाहिला. "मॅडम, पीठ फारच घट्ट आहे. कानाच्या पाळीइतकं मऊ असतं म्हणाला होतात. मी मोटरच्या ताकदीचा सगळा हिशोब त्यावर केला."

"मग? अजूनही पाळी दाबूनच बघते की!"

"कोणाची?"

"आधी सासूबाईंची दाबायचे. पण त्या माझ्याशी भांडून नणंदेकडे जाऊन बसल्यात. आता सासऱ्यांची दाबते."

सासरे कोपऱ्यात स्टुलावर शांत बसले होते. कित्येक वर्षं ते ठार बहिरे होते. शिवाय बायकोने जन्मभर पिळून पिळून त्यांच्या कानांना घट्टे पडले होते. इंजिनिअरने त्यांची पाळी चिमटीत धरली, डोळे मिटून आकडेमोड केली आणि म्हणाला, "दोनच उपाय आहेत. दुप्पट ताकदीची मोटर बसवा, नाहीतर सासूबाईंची माफी मागून त्यांना परत आणा."

मालकीणबाईंनी सुस्कारा सोडून नणंदेला फोन लावायला घेतला.


"सूनबाई, मोटर!" सासरे स्टुलावरून ताडकन उठून ओरडले, "मोटरच घे!"