चाळिसावं यंत्र

"सही करा, म्हात्रेबाई." नंदकिशोरने कागद पुढे सरकवला.

भागीरथी म्हात्रेने कागदाला हात लावला नाही. चाळिसाव्या यंत्राची जोडणी तिने निष्काळजीपणे केली, सबब तिला कामावरून कमी करण्यात येत आहे, असं त्यावर टाइप केलेलं होतं. सहीपुरती जागा मोकळी होती. नंदकिशोर कारखान्याचा मॅनेजर. त्याला हे जेवणाच्या सुट्टीआधी उरकायचं होतं.

तळोज्याच्या या कारखान्यात शंभर डिस्कची यंत्रं बनत. कपाटाएवढ्या यंत्रात डिस्क एकीखाली एक रचलेल्या असत. एक धातूचा हात खाली-वर फिरायचा, हवी ती डिस्क तीन बोटांनी धरून बाहेर काढायचा आणि ड्राइव्हमध्ये ठेवायचा. तिच्यावर नोंद झाली, किंवा ती वाचून झाली, की तोच हात तिला परत जागेवर नेऊन ठेवायचा. ती बोटं बसवण्याचं काम सहा वर्षं भागीरथीकडे होतं.

टेबलापलीकडे सुनीती करंदीकर बसल्या होत्या. जुनी कागदपत्रं डिस्कवर साठवणारी त्यांची कंपनी ऐरोलीला होती. तिथे यांचं एक यंत्र दोन वर्षं सुरळीत चालू होतं, म्हणून त्यांनी दुसरं, म्हणजे हे चाळिसावं, मागवलं. या दुसऱ्याने पहिल्याच आठवड्यात अकरा डिस्कवर ओरखडे काढले. एका इस्पितळातल्या चार हजार कॅन्सर रुग्णांच्या नोंदी त्यात गेल्या. मूळ कागद आधीच रद्दीत गेले होते.

"माणसं उपचाराला येतात आणि मागचं काही सापडत नाही," सुनीती म्हणाल्या. "कोणाला घरी पाठवताय ते मला सांगू नका. हे झालं कशामुळे ते सांगा."

"उघड आहे, मॅडम." पार्थ पुढे झुकला. तो डिझाइनचा प्रमुख, हाताचं ड्रॉइंग त्याचंच. "याच ड्रॉइंगवर एकोणचाळीस यंत्रं गेलीत. एकाचीही तक्रार नाही. बिघडलं फक्त हे. मग चूक ड्रॉइंगची, की बसवणाऱ्याची?"

भागीरथी खुर्चीतून उठली. तिचा आवाज चढला.

"ड्रॉइंग बरोबर हाय ना, सर? मंग तुमीच बसवा. आता. माज्या समोर."

"बसवतो की," पार्थ म्हणाला.

सगळे खाली जोडणीच्या शॉपवर आले, जिथे परत आलेलं चाळिसावं यंत्र उभं होतं. पार्थने बाह्या सारल्या. नवी बोटं पाकिटातून काढली, प्रत्येक बोट व्हर्निअरने दोनदा मोजलं, स्क्रू आवळले. पाऊण तास गेला. भागीरथी एप्रनच्या खिशात हात घालून उभी होती.

यंत्र सुरू झालं. हात खाली गेला, त्याने डिस्क काढली, ड्राइव्हमध्ये ठेवली, परत नेली. पार्थने त्या डिस्कच्या खालची डिस्क बाहेर घेतली आणि सुनीतींच्या हातात दिली. त्यांनी ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरली.

केसाएवढी बारीक, वाकडी रेघ.

पार्थने दुसरी डिस्क लावली. पुन्हा रेघ. तिसरी लावली, तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"मग ती एकोणचाळीस कशी चालली?" सुनीतींनी विचारलं.

"तेच... तेच मला कळत नाहीये."

"मी सांगतं," भागीरथी म्हणाली. "खालचा बोट लांब हाय. डिस्क वढताना खालच्या डिस्कला लागतंय. एकोनचालीस मशिनींचा बोट मी कानशीनं घासून बसवलाय. मागल्या महिन्यात तुमी नोटीस लावली, ड्रॉइंगच्या भायेर कोनी हात लावायचा नाय. मंग मी नाय लावला. तुमच्या ड्रॉइंगपरमानं बसवलेली ही पयली मशीन हाय."

सुनीतींनी हातातली डिस्क बाकावर ठेवली. पलीकडे कॉम्प्रेसर धडधडत होता.

नंदकिशोर आधी सावरला. "म्हणजे एकोणचाळीस यंत्रांत तुम्ही परवानगी न घेता फेरफार केलात? म्हात्रेबाई, हे तर त्याहून गंभीर आहे!" त्याने खिशातलं पेन काढलं.

"लिहा ना, जरूर लिहा!" सुनीतींचा आवाज रागाने कापत होता. "आणि खाली हेही लिहा, की आमच्याकडे दोन वर्षं चाललेलं यंत्र याच बाईंनी बिघडवलेलं आहे. आम्हाला हेसुद्धा तसंच बिघडवून हवंय."

नंदकिशोरने पेनाचं टोपण लावलं. मग आवाज मऊ केला. "तसं काही नाही, मॅडम. भागीरथीताई, एवढं पहिल्यासारखं घासून द्या ना. पत्राचं मी बघतो."

"नाय."

"अहो, पण..."

"सहा वरसं तुमची चूक मी घासली. माजी एक बी नसताना कागद माज्या नावाचा काढलात. आता मी लोखंडाला कानस लावनार नाय. ड्रॉइंग घासा."

नंदकिशोरने पार्थकडे पाहिलं. पार्थ त्याच्याकडे पाहत नव्हता. त्याने बाकावरची हत्यारं बाजूला सारली, लॅपटॉप उघडला, ड्रॉइंग पडद्यावर आणलं. खालच्या बोटाच्या मापावर येऊन तो थांबला.

"किती कमी करू, ताई?" त्याने हळूच विचारलं.

भागीरथीने त्याच्याकडे पाहिलं. राग अजून तिच्या चेहऱ्यावर तसाच होता.

"अर्धा मिलिमीटर," ती म्हणाली. "चार येला सांगलाय तुमाना, सर. इचारलात आज."