देवळातल्या चिठ्ठ्या

माकणीच्या कालव्याच्या गेटचं कुलूप तोडल्याचा गुन्हा रेवणसिद्धानं तालुक्याच्या कोर्टात एकट्यानं कबूल केला आणि त्याची पोलीसपाटीलकी गेली. आता धाराशिवला अपिलात त्याच्या वकिलानं न्यायाधीशांपुढं एक चुरगळलेली चिठ्ठी ठेवली. “साहेब, माणसं पाच होती. गुन्हा अंगावर कुणी घ्यायचा म्हणून देवळात चिठ्ठ्या टाकल्या, ह्याचं नाव निघालं. ही कबुली राजीखुशीची कशी?” तसं सांगायला बाकीचे चौघं आपणहून आले होते; सांगितल्यावर तेही गुन्ह्यात अडकणार होते, तरी आले होते. न्यायाधीशांनी विचारलं, “चिठ्ठ्या कुणी लिहिल्या?” “म्याच,” रेवणसिद्ध म्हणाला. “बाकीच्या कुठं आहेत?” वकिलानं डोळ्यांनीच त्याला गप्प राहायला सांगितलं. रेवणसिद्धानं मागं बसलेल्या चौघांकडं पाहिलं आणि खिशातून चार चिठ्ठ्या काढून टेबलावर मांडल्या. प्रत्येकीवर त्याचंच नाव होतं. “कुलूप म्या तोडलं व्हतं, साहेब. हे नुसते माझ्या मागं उभे व्हते.”